दिव्याचे डोळे

३ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

फोन तू उचलत नाहीस, तेव्हा पत्र. पत्र वाजत नाही, तगादा लावत नाही, तुझा राग उतरेपर्यंत टेबलावर मुकाट्याने पडून राहतं. तुझे राग मला चांगले ठाऊक आहेत. लहानपणी तू रुसून जेवायची थांबायचीस, आणि सगळ्यांची पाठ वळली की स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं वाजायची. म्हणून हे पत्रही तू आधी गुपचूप वाचशील आणि मगच फाडशील, असं धरून चालते.

काम अगदी क्षुल्लक आहे. प्रकाशक माझ्या कुत्र्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताहेत आणि त्यांना भिंगरीचा फोटो हवा आहे. काजळच्या शेवटच्या वेतातलं आता तेवढं एकच पिल्लू उरलंय, आणि ते तू घर सोडताना काखोटीला मारून नेलंस. त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही, आताही बोलत नाही. फोटो दिवेलागणीच्या वेळचा काढ. आणि काढता काढता सहज बघून ठेव: जिना उतरताना ती पहिल्या पायरीशी थबकते का? पाय पुढे टाकून चाचपते का? चेंडू आवाज न करता गवतावर टाकलास तर तिला सापडतो का? नव्या आवृत्तीत स्वभावावर एक प्रकरण घालायचंय, त्यासाठी विचारते आहे. दुसरं काही नाही.

इकडे सगळं ठीक. बाहुली गाभण आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस, ती काजळची पणती. पिल्लं अजून पोटात आहेत आणि माणसं आत्तापासून दारात. सगळ्यांना तेच हवं असतं, पुस्तकातले डोळे.

एका घड्याळजींनी मात्र डोकं उठवलंय. त्यांच्याकडे बाहुलीचा भाऊ आहे. अंधार पडायला लागला की तो दुकानाच्या उंबऱ्यावर बसून राहतो, खाली उतरत नाही, म्हणे. मी म्हटलं, म्हातारा झाला असेल. ते म्हणाले, पाच वर्षांचा आहे. मी म्हटलं, मग हट्टी झाला असेल. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या माणसाला जिकडेतिकडे बिघाड दिसायचाच.

तू अजून कालव्याच्या वाटेनेच घरी येतेस का? दिवस लहान होत चाललेत. सहज विचारलं.

तुझी,
ताई

१८ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

फोटो आला नाही. उत्तरही नाही. बरं.

एक गंमत सांगते. तुला माझी खोड माहीत आहे. पुस्तक हातात असलं की घरातली काडी इकडची तिकडे झालेली मला खपत नाही. खुर्ची जिथे आहे तिथे, चपला जिथे आहेत तिथे. एक वस्तू हलली की माझं वाक्य हलतं. तू याला घराचं वस्तुसंग्रहालय म्हणायचीस आणि मुद्दाम फुलदाणी दोन बोटं सरकवून ठेवायचीस. तू गेल्यावर फुलदाणी सरकवणारं कुणी राहिलं नाही. एक पुस्तक संपायच्या आत दुसरं सुरू होत गेलं, आणि घर जसंच्या तसं राहिलं.

परवा कुत्र्यांकडे कामाला असलेल्या बाईंनी बोळ धुतला आणि तिथलं स्टूल मधोमध विसरून गेल्या. बाहुली आतून आली ती नेहमीच्या डौलात, मान वर, आणि तिने त्या स्टुलावर छाती आपटली. भुंकली नाही, दचकलीही नाही. उभी राहिली. स्टुलाकडे बघण्याऐवजी ती, बोळाच्या भिंतीवरून आवाज जिथून परत आला तिकडे बघत होती.

मग मी पडदे ओढले आणि खुर्ची हलवली. स्वतःच्या हाताने, अर्धं प्रकरण टेबलावर असताना. बाहुली खुर्चीवर गेली. पडदे उघडले, तर ती खुर्चीला वळसा घालून गेली. पुन्हा ओढले, पुन्हा गेली. नंतर आणखी कुणाकुणाला त्या खोलीत सोडलं ते सांगत नाही.

धाकटे, ही सगळी कुत्री घर पाठ म्हणत होती. मी त्यांना माझं घर पाठ करून दिलं होतं, आणि वर लोकांना अभिमानाने सांगत होते की बघा, आमची कुत्री अंधारातसुद्धा कशी राजासारखी चालतात.

प्राण्यांच्या डोळ्यांच्या एक डॉक्टर आहेत, तरुण आहेत, त्यांच्याकडे बाहुलीला नेलं. त्यांनी थेंब घातले, खोली अंधारी केली, कपाळाला दिवा बांधला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मी सारखी बोलत होते. शेवटी त्या म्हणाल्या, थोडं गप्प बसता का. काय निघालं ते मागाहून लिहीन. अजून माझं त्यांच्याशी पटलेलं नाही.

आतेबहीण म्हणत होती की गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तू भिंगरीचा पट्टा मनगटाला गुंडाळून तिच्या आधाराने चालतेस. हे खरं आहे का? एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर दे. हो किंवा नाही लिहिलंस तरी चालेल.

ताई

३० ऑक्टोबर

धाकटे,

आधी कामाचं. भिंगरीला अंधारात दिसत नसण्याची दाट शक्यता आहे. आज ना उद्या उजेडातही दिसणार नाही. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातून तुझी पाळी सुटते तेव्हा आता काळोख असतो, आणि कालव्याला त्या बाजूने कठडा नाही. त्या वाटेने येऊ नकोस. पट्टा मनगटाला गुंडाळू नकोस. ती पाण्यात गेली तर तुला घेऊन जाईल. बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल, एवढं वाच.

आता बाकीचं.

डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार रक्तातून येतो. डोळ्याच्या मागचा पडदा हळूहळू मरत जातो. पहिल्यांदा संध्याकाळ जाते, मग दिवस जातो. औषध नाही. मी म्हटलं, अहो, तिचे डोळे बघा तरी, इतके सुंदर डोळे कुठे पाहिलेत का तुम्ही? त्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या आईकडे तुमचं पुस्तक आहे. मला ते पान पाठ आहे." आणि त्यांनी ते म्हणून दाखवलं.

तुलाही पाठ असेल. टंकलेखन तूच केलं होतंस. 'तिन्हीसांजेला त्यांच्या डोळ्यांत कुणीतरी दिवा लावून जातं. डोळ्यातली बाहुली मोठी होते, काळीभोर, स्थिर. तिच्या तळाशी हिरवट सोनेरी ज्योत असते. आपण उठून घरातला दिवा लावायच्या आधी तो दिवा लागलेला असतो.'

त्या म्हणाल्या, "बाई, हे लक्षण आहे."

उजेड पुरत नाही म्हणून डोळ्यातली बाहुली मोठी होते. पडदा पातळ झाला की मागची चमक जास्त दिसते. काजळ ज्या नजरेने माझ्याकडे बघत बसायची आणि मी जिच्यावर दीड पान लिहिलं, ती नजर माझ्यावर नव्हतीच. ती मला शोधत होती.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, लेखकाचं काय, तो आगीवरही छान लिहितो. पण मी नुसती लेखक नाही ना. पुस्तक खपलं, लोक दारात आले आणि सगळ्यांना दिव्याचे डोळे हवे झाले. मग पुढच्या वेतासाठी कुत्रा-कुत्री निवडताना मी काय बघत होते? पाय, पाठ, दात, स्वभाव, आणि सगळ्यांत शेवटी, दोघांत निवड अडली की, संध्याकाळी ओसरीवर बसवून डोळे. ज्याच्या डोळ्यांत दिवा दिसला तो ठेवला. ज्याच्यात दिसला नाही तो देऊन टाकला. चांगल्या डोळ्यांची कुत्री मी वेचून वेचून घराबाहेर काढली. दुसऱ्या कुठल्या पैदासवाल्याला हे जमलं नसतं. त्यासाठी आधी तसं पान लिहिलेलं असावं लागतं.

तू मला पुस्तकातल्या त्या दुसऱ्या प्रकरणासाठी क्षमा केली नाहीस, हे मला माहीत आहे. काजळच्या बाळंतपणात तू पहिलं पिल्लू बघून घेरी येऊन पडलीस, ते मी लिहिलं. तुला 'भित्री' हे नाव दिलं. वाचक खूप हसले. तुझ्या धुलाईखान्यातल्या बायकाही हसल्या आणि तुला त्याच नावाने हाक मारायला लागल्या. तू म्हणालीस, माझं मला विचारायचंस तरी. मी म्हणाले, त्यात खोटं काय आहे? अजूनही म्हणते, खोटं नव्हतं. पण आत्ता तो वाद नको. आत्ता तू फक्त वरच्या रस्त्याने, दुकानांच्या उजेडातून घरी ये. लांब पडतं, मान्य. गुडघा दुखेल. दुखू दे.

बाहुलीचं पोट आता जमिनीला लागायला आलंय. आतली पिल्लं हालतात ते हाताला कळतं. पूर्वी याचा मला किती आनंद व्हायचा. आता हात लावते आणि काढून घेते.

मिळालं एवढं तरी कळव. कोरं पोस्टकार्ड टाक. माझ्या नावाने एक कोरं पोस्टकार्ड टाकायला तुझं काय जातंय?

ताई

९ नोव्हेंबर

धाकटे,

पोस्टकार्ड नाही. आतेबहिणीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलत राहिली. तिच्याकडून बातमी काढायची म्हणजे वाळूतून तेल. शेवटी म्हणाली, तुला काळजी वाटेल म्हणून सांगत नव्हते, पण ती हल्ली येता-जाता एकटीच बडबडत असते. कालव्याच्या कडेने चालते आणि बडबडते. लोकांनी पाहिलंय. कुणी काही विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करते.

म्हणजे तू अजून कालव्यावरूनच येतेस.

मी उद्या निघतेय. बाहुलीचं अंग आज सकाळी गार लागलं, खाल्लं नाही, पेटीतली फडकी पायाने उकरते आहे. तुला आठवत असेल, हे झालं की दिवसभरात पिल्लं येतात. कुत्र्यांकडच्या बाई म्हणाल्या, "तिची वेळ भरली, आणि तुम्ही कुठं चाललात?"  या घरातलं एकही बाळंतपण मी चुकवलेलं नाही. ताप अंगात असताना पेटीशेजारी चटई टाकून पडले आहे. पहिल्यांदा विणाऱ्या कुत्रीला सोडून मालकीण जात नसते, हे माझ्याच पुस्तकात ठळक अक्षरात आहे. बाहुली पहिलटकरीण आहे, आणि तिला दिसतही नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्या येऊन बसते म्हणाल्या. बाळंतपण हे माझं काम नव्हे, पण बसते, म्हणाल्या. बाहुलीजवळ जाऊन तिच्या कानात सांगितलं की मी जाऊन येते. तिने माझा हात चाटला. मी निघतेय हे तिला कळलं असं मला वाटलं, आणि मग वाटलं, हेही मी लिहूनच बघतेय.

हे पत्र माझ्या मागून पोचेल. तरी लिहितेय, कारण लिहिल्याशिवाय मला बॅग भरता येत नाही. तू शुद्धीवर नसलीस तर मी काय करायचं? आपल्या घरात आता दोघीच आहोत. तू एक आणि मी एक.

ताई

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

सुखरूप पोचले. बाहुलीला पाच पिल्लं झाली, पाचही जिवंत. मी नव्हते तरी झाली. डॉक्टरांच्या साडीचं वाटोळं झालंय आणि त्या स्वतःवर फार खूष आहेत.

तू मला दारात पाहिलंस. त्याआधीचं तुला माहीत नाही, ते सांगते. मी पुलापासून तुमच्या मागे होते.

धुलाईखान्याच्या फाटकातून तू बाहेर पडलीस तेव्हा अंधार पडलाच होता. हाक मारणार होते, पण आतेबहिणीचं बोलणं डोक्यात होतं, म्हटलं आधी बघू. तू पुलाखालून कालव्यावर उतरलीस आणि खरोखरच बडबडायला लागलीस. मी पावलं उचलली. जवळ आले तेव्हा ऐकू यायला लागलं.

"पायरी. अजून एक. झाल्या. आता सपाट. डबकं आहे, भिंतीकडे ये. अजून. बास. समोरून सायकल, थांब. गेली. चल. झाडाची फांदी आहे, मान खाली."

भिंगरी मान खाली घालत होती. सायकलला थांबत होती. डबक्याला एक थेंब न उडवता वळसा घालत होती. शेपटी वर होती तिची. माझ्या पुस्तकातली कुठलीच कुत्री इतकी निर्धास्त चालली नसेल.

आणि पट्टा तुझ्या मनगटाला नव्हता. भिंतीकडच्या हातात सैल धरला होतास. भिंतीकडून भिंगरी आणि पाण्याकडून तू. तो दुखरा गुडघा घेऊन, कठडा नसलेल्या कडेने, तू. मी जिला भित्री म्हणून छापलं ती. मी मागे चालत होते आणि मला इतकी भीती वाटत होती की हाक मारवेना, न जाणो दचकशील. आणि लाजही वाटत होती, हेही लिहून टाकते.

दारात मी विचारलं, तुला माहीत होतं? तू म्हणालीस, दोन वर्षांपासून. माझी पत्रं तुझ्या फळीवर होती, सगळी फोडलेली. मी विचारलं, मग मला कळवलं का नाहीस? एका ओळीने कळवलं असतंस तर मी बाहुलीची जोडी लावली नसती.

तू कुलूप उघडत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तू ते सुंदर करून लिहिलं असतंस."

मग पाणी दिलंस. बस म्हणाली नाहीस, जा असंही म्हणाली नाहीस. भिंगरीने माझ्या चपला हुंगल्या, ओळखल्या, आणि मग तुझ्या पायाशी जाऊन बसली. मी शेवटच्या गाडीने परत आले. सगळी वाट मी तुझ्यावर चिडले होते. घरी पोचेपर्यंत चीड संपली, कारण तू म्हणालीस ते खरं आहे. तू कळवलं असतंस तर मी आधी रडले असते आणि मग कागद ओढला असता. त्यात तू असतीस, कालवा असता, पाण्यातला दिव्यांचा उजेड असता. लोकांनी ते पान पाठ केलं असतं, आणि आंधळ्या कुत्र्याची मागणी घेऊन कुणीतरी दारात आलं असतं.

घड्याळजींकडे जाऊन आले. फोनवर सांगता आलं असतं, पण गेले. त्यांनी ऐकून घेतलं, कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. म्हणाले, हट्टी नव्हता तर. एवढंच म्हणाले.

आता ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून कुत्रं नेलं त्या सगळ्यांना कळवायचंय. पहिला मसुदा केला तो फाडला, त्यात 'संध्याकाळ' हा शब्द फारदा आला होता. दुसरा असा आहे: 'तुम्ही माझ्याकडून नेलेल्या कुत्र्याला डोळ्यांचा आनुवंशिक आजार असू शकतो. त्याची दृष्टी जाऊ शकते. त्याची पैदास करू नका. तपासणी करून घ्या. मी डोळे बघून कुत्री निवडत गेले आणि त्यामुळे हा आजार पसरला. माझ्याकडून यापुढे पिल्लं मिळणार नाहीत.' याहून बरं मला लिहिता आलं नाही. तू बघून सांग.

प्रकाशकांना ते पान काढा म्हणाले. ते म्हणाले, लोक त्या पानासाठी पुस्तक घेतात. मी म्हटलं, म्हणूनच. मग नवी आवृत्ती नकोच, असं ठरलं. ते रागावलेत. रागावू देत.

एक विचारायचं आहे. लोकांना आजार कळवला की ते पुढे विचारणार, आता या कुत्र्याचं करायचं काय? माझ्याकडे उत्तर नाही, तुझ्याकडे आहे. भिंतीकडून चालवायचं, पुढचं आधी सांगायचं, सांगितल्यावर थोडं थांबायचं. हे मी त्या पत्रात घालू का? तुझं नाव घालणार नाही, कालवा घालणार नाही. तू जसं म्हणशील तसं, तुझ्या शब्दांत. आणि नको म्हणालीस तर नाही घालणार. पत्रं पाकिटात भरून ठेवली आहेत, तोंडं उघडी आहेत. पण फार दिवस थांबता येणार नाही, अंधार लवकर पडतो.

पिल्लं पेटीत एकमेकांवर चढून झोपली आहेत. त्यांतल्या कुणाला आजार आहे आणि कुणाला नाही, ते आत्ता कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. डोळे उघडायला अजून अवकाश आहे. बाहुली प्रत्येकाला नाकाने मोजते, आणि एखादं बाजूला सरकलं की पुन्हा पहिल्यापासून मोजते. मी तिच्याजवळ बसून आहे. मला त्यावर एक वाक्य सुचलंय, चांगलं आहे. ते मी लिहीत नाही.

ताई